क्रूस की वधस्तंभ?

मराठीत एकाच गोष्टीला दोन शब्द आहेत. एक ‘क्रूस’, पोर्तुगीजांबरोबर आलेला. आपल्या कोकणीत त्याचाच खुरीस झाला. दुसरा मराठी बायबलमधला, ‘वधस्तंभ’. मला दुसरा जास्त खरा वाटतो.

फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ही कथा आपल्याकडे चारशे वर्षं मराठीतून ऐकली जातेय. त्यामुळे ती सवयीची झालीय. क्रूस म्हटलं की गळ्यातली साखळी आठवते, नाहीतर वाड्यावरच्या खुरसापुढची मेणबत्ती. वधस्तंभ म्हटलं की आठवतं, इथे माणसं मारली जायची. रोमन राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होई, तीही भर लोकांत. जीव जाण्याआधी अब्रू जायची.

प्रभू येशूने आमच्या पापांसाठी प्राण दिला, ही ख्रिस्ती श्रद्धा. पण तो कुठे दिला, हेही बघायला हवं ना? दोन गुन्हेगारांच्या मधे, शिक्षा झालेल्यांच्या रांगेत. मारणाऱ्यांसाठीसुद्धा त्याने क्षमाच मागितली.

मग ‘आपला हिशेब चुकता झाला’ म्हणून आपण निवांत घरी कसे जाणार? वर्गात जातीवरून, बोलीवरून कुणाला हसतात, चारचौघांत कुणाची अब्रू काढतात. तेव्हा त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं नसेल, तर गुड फ्रायडेच्या उपासाला अर्थ काय?

साखळी खुशाल घाला, मित्रांनो. तिच्यात काय अडकवलंय, तेवढं मात्र लक्षात असू द्या.