'मिस होकुसाई'त काहीच घडत नाही?

'मिस होकुसाई' (२०१५) या जपानी ॲनिमेशनपटात 'नुसते प्रसंग, कथानकाचा पत्ता नाही' अशी तक्रार गेल्या अंकात एका वाचकांनी केली आहे. केइची हारा यांचा हा चित्रपट हिनाको सुगिउरा यांच्या चित्रकथेवर बेतलेला आहे, आणि ती मुळातच सुट्या प्रकरणांची. सुगिउरा एदोकालीन लोकजीवनाच्या अभ्यासक होत्या. १८१४ चं एदो, म्हणजे आजचं तोक्यो, हाच त्यांचा खरा विषय.

नामांकित चित्रकार होकुसाईच्या घरात चूल पेटत नाही, केर निघत नाही. पसारा हाताबाहेर गेला की बापलेक सरळ बिऱ्हाड हलवतात! मुलगी ओ-एई हिच्या चिलमीतली ठिणगी जवळजवळ पुऱ्या झालेल्या ड्रॅगनच्या चित्रावर पडते. बाप उठून चालता होतो आणि एका रात्रीत नवा ड्रॅगन काढणं तिच्या गळ्यात पडतं. आंधळ्या धाकट्या बहिणीला ती ऱ्योगोकु पुलावर नेते, तेव्हा ती पोर सगळं शहर कानांनी बघते. याहून आणखी काय घडायला हवं होतं?

ही ओ-एई काल्पनिक नव्हे. योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीतल्या रात्रीचं तिचं चित्र तोक्योच्या ओता संग्रहालयात आहे. सही तिने कंदिलांवरच्या अक्षरांत दडवली आहे.

सुरुवातीचं रॉक गिटार मात्र तक्रार करणाऱ्या वाचकांप्रमाणे मलाही खटकलं. तेवढ्यापुरता मी पत्रलेखकांच्या बाजूचा.

आपला,
एक वाचक, सातारा