सातपुड्याच्या मातीचे मोल

कर्करोगावरील औषध म्हटले की परदेशी प्रयोगशाळा व प्रचंड कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगावर आजही जगभर वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे मुळात इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीची देणगी आहे. त्या मातीतील स्ट्रेप्टोमायसिस कुळाच्या जिवाणूपासून ते १९६० च्या दशकात मिळाले. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही मोठा वाटा याच कुळाचा!

हा जिवाणू बुरशीसारखे तंतू पसरतो. अन्न सरत आले की तो बीजाणू धरू लागतो आणि साधारण त्याच सुमारास विषारी रसायने घडवितो. त्याची विकरे दोन-दोन कार्बन अणूंचे तुकडे साखळीत ओवतात, तिची वलये करतात आणि अखेरीस एक शर्करा जोडतात. तयार झालेला रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये पाचरीसारखा शिरून पेशीविभाजन रोखतो. जिवाणू स्वतः मरत नाही, कारण विष बाहेर फेकणारा पंप त्याच्यापाशी असतो. रुग्णाच्या हृदयाला मात्र असे कवच नाही. म्हणून औषधाची मात्रा जपूनच द्यावी लागते.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या जिवाणूला नावही पिंपरीचेच मिळाले.

मग तोरणमाळच्या, अक्राणी-अक्कलकुव्याच्या वनांतील मातीचे काय? तिच्यात औषध दडले आहेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण ते सापडलेच, तर त्यावर हक्क कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे. १९६४ साली ईस्टर बेटावरून नेलेल्या मातीतून रापामायसिन निघाले, त्यापासून कर्करोगावरील औषधे झाली. बेटवासीयांच्या पदरात त्यातले काही पडले नाही. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानले आहे. तेव्हा गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत साग आणि महू लिहून थांबणे पुरेसे नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी ग्रामसभेच्या संमतीने मातीचे नमुने घ्यावेत, वेगळे केलेले जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहांत जमा करावेत, आणि प्रत्येक कुपीवरील चिठ्ठीत गावाचे व पाड्याचे नाव लिहावे.