किरणांना शिव्या, अन् रंगाला माफी?

राजेहो, "किरणं मारलेली हळद घेऊ नका, तिच्यातलं सत्त्व मरतं" असं छातीठोक सांगणारे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कमी नाहीत. रिसोड-वाशिमच्या पट्ट्यात हळद हे घर चालवणारं पीक आहे. म्हणून ही नुसती चावडीवरची गप्प नाही, आपल्या मालाच्या नावाचा प्रश्न आहे.

सत्त्व म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळदीत मुख्यतः कुरकुमिन. तीच हळद आपण काढली की उकळत्या वाफेवर शिजवतो, मग कित्येक दिवस उन्हात वाळवतो. दळून पारदर्शक पिशवीत दुकानाच्या दारात टांगतो. कुरकुमिनला उजेड सोसत नाही. तेव्हा सत्त्वाची आठवण कोणाला होते?

आता किरणांचं बघू. मसाल्यातले जंतू मारायला आपल्या नियमांत 6 ते 14 किलोग्रे मात्रा आहे. 10 किलोग्रे म्हणजे किलोमागे 10 किलोज्यूल ऊर्जा; तेवढ्यानं पाणी अडीच अंशसुद्धा तापत नाही. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण मालातून आरपार जातात, माल किरणोत्सारी होत नाही. किरणं मुख्यतः पाण्याचे रेणू फोडतात, आणि त्यातून निघणारे कण सत्त्वावर तुटून पडतात. वाळलेल्या मालात पाणीच थोडं, मग नुकसानही थोडं. भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हळदीवर हे तपासलंय. रंगात फारसा फरक पडला नाही, आणि हळदीचा रंग म्हणजेच कुरकुमिन.

धिंगरी अळिंबी वाळवून विकणाऱ्या बचत गटांच्या बायांनीही हे ऐकावं. नियमांत सुक्या भाज्या आणि मसाले एकाच वर्गात आहेत. पोर्तुगालमध्ये ब्रागांसाच्या संशोधकांनी वाळवलेल्या रानअळिंब्यांवर हेच प्रयोग केलेत. फुकट काहीच नसतं. जीवनसत्त्व ई किरणांपुढं लवकर घटतं. पण "सगळं सत्त्व मेलं" ही निव्वळ थाप आहे.

मग भ्यायचं कशाला? लेड क्रोमेटला. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून घातलेल्या त्या शिशाला कोणतीच किरणं काढू शकत नाहीत. ओल्या मालावर बुरशी चढून एकदा अफ्लाटॉक्सिन तयार झालं, तर तेही किरणांनी जात नाही. म्हणजे किरणं हा घाणीवर टाकायचा पडदा नव्हे. आधी माल स्वच्छ, मग किरणं. आणि किरणं नकोत म्हणून इथिलीन ऑक्साइडचा वायू मारायचा? 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाले त्याच कारणावरून बाजारातून काढायला लावले. बदनामी साऱ्या देशाच्या मसाल्याची झाली. त्यात आपली हळदही आलीच.

वाशीचं मसाल्याचं विकिरण केंद्र 2000 पासून आहे, लासलगावचं 2002 पासून. वीस-पंचवीस वर्षं झाली. आपल्या शेतकऱ्याला त्याबद्दल कोणी बसून समजावलं? नाही. म्हणून तर अफवेला मोकळं रान मिळालं.

माझ्या मागण्या चारच. बाजार समितीत हळदीच्या प्रत्येक लॉटचा ओलावा आणि कुरकुमिन मोजा, चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात द्या आणि भाव त्या चिठ्ठीवर ठरवा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्र गाडी भरून माल विकिरणाला न्यावा. कृषी खात्यानं दर आणि रीत गावात येऊन सांगावी. आणि विकिरण केलेल्या पाकिटावर कायद्यानं सांगितलेलं चिन्ह ठळक छापलेलं असावं. ज्याला नको तो घेणार नाही, हा त्याचा हक्क आहे.

पण रंगाच्या भेसळीवर गप्प बसायचं अन् किरणांवर बोंब मारायची, हे चालणार नाही. पुढच्या वेळी तो मेसेज आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: तुझ्या घरची हळद तू कधी तपासून आणलीस?