बोचके कुणी सांभाळायचे?

द्वादशीच्या सकाळी लोअर परळला, डिलाईल रोडच्या कडेला आमच्या भजनी मंडळाचा टेम्पो उभा राहतो. पदपथावर झोपणारी पुरुषमंडळी रांग लावतात. आम्ही ‘माउली, घ्या’ म्हणत पुरीभाजी आणि शिरा वाढतो. फोटो निघतो, तासाभरात पातेली रिकामी होतात आणि पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात आम्ही घरी परततो.

एकदा रांगेतल्या एका गृहस्थाने वेगळेच मागितले. त्याला एका केटरिंगवाल्याकडे चार दिवसांचे काम लागले होते. पण बोचके घेऊन आलेल्या माणसाला कामावर कुणी उभे करीत नाही, आणि पदपथावर ठेवलेले बोचके संध्याकाळपर्यंत राहत नाही. “तेवढे तुमच्या मंडळाच्या खोलीत ठेवू का?” त्याने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. नसती जोखीम कशाला, म्हणून नाही म्हटले आणि त्याच्या पत्रावळीवर आणखी दोन पुऱ्या वाढल्या. त्या दोन पुऱ्या मला आजही बोचतात.

हा विषय काढला की आपल्यातच दोन उत्तरे मिळतात. पहिले असे, की अन्नदानासारखे दान नाही. बाकीचे सरकार पाहील. दुसरे असे, की ही माणसे मुळात आळशी आणि व्यसनी, कामाचे नाव काढले की पळतात. दुसरे उत्तर तर धडधडीत खोटे आहे. पहाटे नाक्यावर उभे राहून पाहा. मंडप बांधणारे, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारे, गोणी वाहणारे कितीतरी हात रात्री पदपथावरच टेकतात. आपल्या सप्ताहाचा मंडपही कदाचित त्यांनीच बांधलेला असतो. दुष्काळात तुकोबारायांचाही व्यापार बुडाला. दिवाळे निघालेला माणूस आळशी असतो, असे वारकऱ्याने तरी म्हणू नये.

काम मिळतच नाही असे नाही. मिळालेले काम टिकत नाही. का टिकत नाही, हे समजायला लांब जायला नको. याच गिरणगावात आपले आजे-पणजे कसे राहिले ते आठवावे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या पुरुषांचे तरी मुंबईत घर कुठे होते? एका गावची वीस-तीस माणसे मिळून चाळीत एक खोली घ्यायची. रात्रपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर दुसरा पडायचा. पण प्रत्येकाची ट्रंक ठेवायला जागा होती, पत्र यायला पत्ता होता, पगार होईपर्यंत थांबणारी खानावळ होती आणि संध्याकाळी टाळ वाजवताना ‘आज कामावर गेला नाहीस का?’ असे विचारणारे गाववाले होते. बदली कामगाराला महिना महिना गेटवरून परत यावे लागले, तरी तो रस्त्यावर आला नाही. त्याला खोलीने धरून ठेवले होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पुढे फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या. गिरण्या गेल्या हे आपण सांगत बसतो. त्यांच्याबरोबर ती खोली आणि ती खानावळही गेली, हे मात्र विसरतो. आज शहरात नवखा आलेला किंवा घरातून तुटलेला माणूस काम शोधतो तो ट्रंकेशिवाय, पत्त्याशिवाय आणि विचारणाऱ्याशिवाय.

सरकार काय करते? पाच लाखांवरच्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे आजही नाहीत. उलट १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा मात्र आहे. त्याखाली पकडलेल्या माणसाला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. कोंडून शिकवलेल्या कामाने कुणी पायावर उभा राहतो, हे मला पटत नाही.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी गाडगेबाबांकडे पाहावे. बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, तसाच बेघरांना आसरा आहे आणि बेकारांना रोजगारही आहे. आपण दहातले सोपे सूत्र उचलले आणि बाकीची भिंतीवर रंगवून ठेवली.

अन्नदान बंद करा, असे मी म्हणत नाही. भुकेल्यापुढे अटी घालणे हे पाप आहे. ‘आधी झाडू मार, मग जेव’ हे आपल्या तोंडी शोभत नाही. जेवण बिनशर्तच हवे. पण त्यानंतर काम हवे, आणि कामाला पुरता दाम हवा. सप्ताहात भांडी घासायला पदपथावरचा माणूस बोलवायचा आणि ‘सेवा समज’ म्हणून अर्ध्या मजुरीवर बोळवायचा, हा प्रकार मी पाहिला आहे. सेवा पोट भरलेल्याने करायची असते. भुकेल्याची सेवा फुकट घेणे म्हणजे चोरी.

सावतोबांना मळा होता, गोरोबांना चाक होते, नामदेवरायांच्या घरी सुई-दोरा होता. नामाला कामाचा आधार असलेला हा आपला संप्रदाय. मुंबईत भजनी मंडळे थोडी नाहीत. प्रत्येक मंडळाने वर्षाला एकच माणूस धरला तरी चालेल. त्याचे बोचके ठेवून घ्यावे, कागदपत्रे काढायला त्याच्याबरोबर जावे, ओळखीच्या दुकानदाराकडे त्याच्यासाठी शब्द टाकावा आणि पहिल्या पगारापर्यंत त्याच्या खानावळीचे पैसे भरावेत. तो मधेच निघून गेला, दारू प्यायला, तर पुन्हा विचारावे. गाववाल्यांनी आपल्या आजोबांना एकदाच विचारले होते का?

तो गृहस्थ त्यानंतर आमच्या रांगेत दिसला नाही. ते काम त्याने केले की सोडले, मला ठाऊक नाही. मंडळाच्या खोलीत पखवाजाशेजारी एक कोपरा आता आम्ही रिकामा केला आहे. आतापर्यंत तिथे दोन बोचकी आली आहेत.

राम कृष्ण हरी.