ठाऊक होते काय?

अमेरिकेत एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास बंदूक बाळगण्याची मनाई आहे. मग प्रत्यक्षात तो एकही दिवस तुरुंगात न राहता प्रोबेशनवर सुटलेला का असेना. २०१९ मध्ये रेहाइफ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की आपण या वर्गात मोडतो हे आरोपीस ठाऊक होते, हेही सरकारने सिद्ध करावे. साहजिकच कैद्यांची अपिले आली. २०२१ च्या ग्रीअर निकालाने ती वाट अरुंद केली: मूळ खटल्यात हा मुद्दा न मांडणाऱ्याने अपिलात आपल्या अज्ञानाचा सबळ आधार दाखवावा. झालेली शिक्षा मनुष्य सहसा विसरत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे रास्तच. परंतु प्रोबेशनवर घरी गेलेल्यास कायद्यातले ते ‘एक वर्ष’ माहीत असेलच असे नाही. त्याच्या वकिलाने हा मुद्दा पहिल्याच न्यायालयात मांडलेला बरा.