डोकं दुखतंय, मग इंजेक्शन मानेजवळ का? मायग्रेनवरच्या 'नर्व्ह ब्लॉक'ची भानगड काय आहे

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रोडवर वाडी लागते. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, रात्री-बेरात्री लोडिंग आणि उन्हाळ्यात 45 अंशांच्या आसपास जाणारा पारा. अर्धी झोप, चुकलेलं जेवण, ऊन, हॉर्नचा आवाज. ज्याला अर्धशिशीचा म्हणजे मायग्रेनचा त्रास आहे, त्याचं डोकं चढायला आणखी काय हवं?

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी घेतली जाते. (दुकानातून म्हणायचं, कारण नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की लोकांना सरकारी दवाखाना आठवतो.) खरी अडचण या गोळीतच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळी घेतली की थांबतं, उतरली की पुन्हा सुरू.

त्रास किती लोकांना आहे? बंगळुरू आणि आसपासच्या गावांत झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या घरात निघालं. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त.

आता 'नर्व्ह ब्लॉक' चर्चेत का? अमेरिकन हेडेक सोसायटीने इमर्जन्सी विभागासाठीच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना 2025 मध्ये सुधारल्या. त्यात ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉकला सर्वात वरचा दर्जा मिळाला, म्हणजे रुग्णाला हा पर्याय द्यायलाच हवा असा.

ही सुई मणक्यात जात नाही. लोक घाबरतात ते त्यालाच. डोक्याच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा असतो, तिथून कानामागच्या हाडाकडे थोडं सरकलं की कातडीखाली ही नस सापडते. तिच्याभोवती लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन सोडतात. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच लिग्नोकेन. काम पाच-दहा मिनिटांचं.

पण दुखतं कपाळात, डोळ्यामागे. मग बधिर मागची नस का करायची? कारण मानेच्या वरच्या भागाचे आणि चेहरा-कपाळाचे संदेश मेंदूच्या खालच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एक वाट बंद केली की तिथला सगळाच गोंगाट कमी होतो. बधिरपणा काही तासांत जातो, आराम मात्र काहींना कित्येक दिवस, काहींना आठवडे टिकतो. तो इतका का टिकतो, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडेही नाही.

झटका थांबवणं वेगळं आणि झटका येऊच नये म्हणून इंजेक्शन घेणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, जुनाट मायग्रेनवर टोपिरामेट गोळीच्या जोडीला हे ब्लॉक दिल्यावर नुसत्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला. उलट 2020 च्या एका अमेरिकन चाचणीत, झटक्याच्या वेळी शिरेतून दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडची बरोबरी ब्लॉकला करता आली नाही. तेव्हा 'एका सुईत मायग्रेन गायब' अशी रील दिसली तर पुढे सरका.

औषध स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. बोटॉक्सचे तर दर बारा आठवड्यांनी 31 टोचे लागतात आणि खर्चही मोठा. कमी आहेत ते हे करणारे हात. नागपुरात मेंदूविकारतज्ज्ञ म्हटलं की धंतोली-रामदासपेठ गाठायची. दिवसाची मजुरी बुडवून वाडीचा हमाल तिथे जाईल, की दहा रुपयांची गोळी घेईल?

अचानक, आयुष्यात कधी झालं नाही इतकं डोकं दुखलं, ताप आला, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर तो मायग्रेन धरून बसू नये, थेट इमर्जन्सी गाठावी. कवटीचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सिरिंजमध्ये स्टेरॉइड मिसळणार आहेत का, हेही विचारायचं. त्याने मधुमेह्यांची साखर वाढते, आणि कधी कधी टोचलेल्या जागचे केसही जातात.