हिरव्या चहाआधी मिठाकडे पाहा

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव आणि धुळे,
मा. सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, जळगाव आणि धुळे



जळगावात मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये थायरॉईडचा विषय निघाला नाही असा दिवस विरळाच. एक म्हणते, ग्रीन टी सुरू कर, थायरॉईडमुळे वाढलेलं वजन उतरतं. दुसरी म्हणते, अगं, ग्रीन टीनंच थायरॉईड बिघडतो. दोघींच्याही मोबाइलवर तसा व्हिडिओ असतो. या दोघींच्या मध्ये पडून खरं काय ते सांगायचं काम तुमचं होतं. तुम्ही बोलत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आधी चहाचं. भीती अगदीच निराधार नाही. कोलकाता विद्यापीठातल्या अमर चंद्रा आणि नीला दे यांनी 2010 साली उंदरांना ग्रीन टीचा अर्क दिला. मोठ्या मात्रेत त्यांची थायरॉईड ग्रंथी वाढली, टी-3 आणि टी-4 ही तिची हार्मोनं उतरली, आणि ग्रंथीला चालना देणारं टीएसएच चढलं. चहातली कॅटेचिन नावाची द्रव्यं हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतात, असा त्याचा अर्थ. पण तो अर्क होता, आणि ते उंदीर होते. दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्या निरोगी माणसाची ग्रंथी बिघडते, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट बाजूनं, ग्रीन टीनं थायरॉईड बरा होतो याचाही नाही.

जपानी लोक पिढ्यानपिढ्या हिरवा चहा पितात, तरी त्यांना काही होत नाही, असं हौसेनं सांगितलं जातं. सांगणारे एक गोष्ट विसरतात. जपान्यांच्या ताटात समुद्री शेवाळ असतं आणि त्यात आयोडीन भरपूर. सातपुड्याच्या पायथ्याला समुद्र नाही. आपल्याकडे आयोडीन येतं ते मुख्यतः मिठातून. मिठात ते कमी पडलं तर थायरॉईडला अडवणारा प्रत्येक पदार्थ जास्त जाचतो.

आणि तसा पदार्थ आपल्या रोजच्या ताटात आहे. बाजरी. सुदानच्या दार्फूर भागात बाजरीवर जगणाऱ्या वस्त्यांमध्ये गलगंड जास्त का, याचा शोध घेताना बाजरीतल्या फ्लेव्होनॉइडांकडे बोट गेलं. म्हणून खान्देशानं हिवाळ्यात बाजरीची भाकरी सोडावी असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी कोण ऐकणार? ज्याच्या पोटात पुरेसं आयोडीन जातं, त्यानं भाकरीही खावी आणि हिरवा चहाही प्यावा. म्हणून माझा प्रश्न चहाचा कमी आणि मिठाचा जास्त आहे.

देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 साली सुरू झाला. हा रोग हिमालयाच्या पायथ्याचा, असं तेव्हा मानलं जाई. पुढे तो महाराष्ट्र-गुजरातेतही सापडला, आणि आयोडीनच्या कमतरतेनं गळा सुजण्यापलीकडे पोटातल्या बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं हे ध्यानात घेऊन 1992 साली कार्यक्रमाचं नावही बदललं. 17 मे 2006 पासून माणसांच्या खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दशलक्ष भागांत किमान 15 भाग आयोडीन हवं. कागदावर सगळं चोख आहे.

पण चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या आठवडे बाजारात उघड्या गोणीतल्या खडे मिठाचं काय? गुरांसाठी किंवा कारखान्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला मुभा आहे. गोणीवर तसं लिहिलेलं असलं म्हणजे झालं. गोणीतून ते कागदाच्या पुडीत आलं की त्यावर काहीच लिहिलेलं उरत नाही, आणि पुडी गोठ्यात जाते की चुलीपाशी, हे कोण पाहतं? शिवाय खडे मीठ धुऊन वापरायची अनेक घरांत रीत आहे. आयोडीन असलंच तर त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. उघड्या, दमट बरणीत ते आणखी घटतं. पॅकबंद बारीक मीठ घेणारीला हे लागू नाही. पाड्यावरच्या गरोदर बाईला आहे, आणि तिची गरज जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, तर गरोदर बाईला 250.

ज्या जिल्ह्यांत आयोडीन कार्यक्रम राबवला जातो तिथं आशाताईनं महिन्याला मिठाचे 50 नमुने थेंब टाकून तपासायचे आणि त्याचे तिला 25 रुपये मिळायचे, असा हिशेब ठरला. नमुन्यामागे आठ आणे! त्या थेंबानं मीठ निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे एवढं कळतं. नेमकं किती, हे त्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांना या कामाला जोडून घ्या आणि आठवडे बाजारातल्या मिठाचे आकडे तालुकावार जाहीर करा.

आता पुन्हा चहाकडे. त्याचा खरा उपद्रव थायरॉईडच्या गोळीच्या बाबतीत आहे. थायरॉक्सीनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास थांबायचं. आपल्याकडे ती चहाच्या घोटाबरोबर जाते, मग तो दुधाचा असो की हिरवा. त्यातच गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. थायरॉक्सीन आणि त्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर लागतं. आठवण राहावी म्हणून ती बिचारी सगळ्या एकदमच गिळते. मग टीएसएच हलत नाही आणि मात्रा वाढत जाते. ग्रीन टी जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. हे चार ओळींत, मराठीत आणि अहिराणीत, प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिता येईल. खर्च रंगाच्या डब्याचा.

आता अन्न व औषध प्रशासनाला. एका कप ग्रीन टीत ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम असतं. वजन उतरवण्याच्या अर्काच्या कॅप्सुलांमध्ये ते कितीतरी जास्त भरलेलं असू शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं की पूरक म्हणून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसतात. असल्या कॅप्सुला आणि पावडरी ‘थायरॉईडवर रामबाण’ म्हणून घरोघरी खपवल्या जातात. 1954 च्या औषधी व जादूटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत गलगंडही आहे आणि लठ्ठपणाही. ते बरे करण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. खाद्यपदार्थानं रोग बरा होतो असा दावा करायलाही 2018 च्या नियमांनी मनाई आहे. नवा कायदा कुणी मागत नाही.

येत्या 21 ऑक्टोबरला जागतिक आयोडीन न्यूनता दिन आहे. त्या दिवशी रांगोळी आणि प्रभातफेरी नको. दोन्ही जिल्ह्यांतल्या आठवडे बाजारांतल्या मिठाचे निकाल आणि खोट्या दाव्यांवर केलेल्या कारवाईची यादी त्या दिवशी लोकांसमोर ठेवा.

आपली,
एक खान्देशवासी